बी बाजू, तिसरं गाणं

बिटकोच्या मागे, स्टोव्ह दुरुस्तीवाल्याला खेटून
एक पडदा लावलेलं दुकान होतं. आत चार मशिनं.
पडद्याखालून फक्त चपला दिसायच्या,
त्यात माझ्या भावाची एक जोडी, अंगठा तुटलेली.
मुली आत जात नसत. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं,
पण आम्हा सगळ्यांना ते वाचता येत होतं.

म्हणून तो खेळ मला माहीत, तो गाण्यातून.

गाणं केलं यशवंत लभडेने,
जो रात्री जेलरोडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा
आणि दिवसा सातपूरला व्हॉल्व्ह तपासायचा.
त्याने म्हणे दुकानवाल्या चोथमलच्या हातावर
शंभराची नोट ठेवली, आतून शटर ओढलं,
आणि स्टुलावर टेपरेकॉर्डर मांडून
मशिनीचं सगळं बोलणं भरून आणलं.
ती वकवक, ते टुंई टुंई,
आणि मरतानाचा, मोरीत बादली उपडी झाल्यासारखा आवाज.

वर ढोलकी. तिच्यावर मेहुणीचा गळा, तोही सर्दीचा:
पळ रे पिवळ्या, पळ पळ पळ,
भुताला कुठली आली अक्कल!
मध्येच चोथमल खेकसतो, "ए, सुट्टे नाहीत!"
तेही तसंच राहू दिलेलं.

अठरा रुपयांची कॅसेट. त्या वर्षी रंगपंचमीला
रहाडीच्या काठावर हेच, गणपतीत हेच,
दत्तमंदिर स्टॉपच्या इस्त्रीवाल्याकडेसुद्धा हेच.
माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर समोर शंभराचे ताव,
संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी आले
की भाऊ म्हणायचा, एक रुपया द्या ना.
"नाणी आमच्याकडे नाही पडत,"
हा त्यांचा आयुष्यातला एकुलता एक विनोद.
मग द्यायचे.

परवा कॉलेज रोडच्या एका कॅफेत
कोपऱ्यात ते मशीन दिसलं, नवं कोरं जुनं.
मुलगी म्हणाली, आई, खेळ ना.
बावन्नाव्या वर्षी मी दांडा हातात घेतला
आणि अकराव्या सेकंदाला मेले.
पण त्याआधी काहीतरी चुकत होतं.
वकवक होती, टुंई होती,
ढोलकी कुठेच नव्हती.
मी मेल्यावरही थांबले थोडा वेळ,
कुणीतरी खेकसेल म्हणून.
शेवटी मीच म्हणाले, "ए, सुट्टे नाहीत!"
काउंटरवरचा पोरगा घाबरून म्हणाला,
"मॅडम, फ्री आहे ते."

भावाला फोन केला. त्याला खेळ आठवतो,
कुठल्या वळणावर कुठलं भूत, बोटांसकट.
गाणं? "असलं काही नव्हतं गं."

म्हणून लभडेला शोधलं.
मुक्तिधामसमोरच्या बाकावर बसतो रोज,
एका कानात यंत्र, दुसरा कान सोडून दिलेला.
दोनदा ओरडून सांगितल्यावर उजळला,
"भुताचं होय! दोनशे कॅसेटी पडून होत्या.
मेहुणीने नेल्या मखमलाबादला,
फिती उपसल्या आणि द्राक्षाच्या मांडवावर ताणल्या,
पाखरं उडवायला."

मला ते दिसलं:
ऊन पडल्यावर चमचमणारी ती काळी पट्टी,
खाली हिरवे-पिवळे मणी, ओळीनं, टपोरे.

"वाजायची का हो?"
"वाजायची की. वारा सुटला की नुसती घूं घूं."
"मग पाखरं?"
"छे! एका टोकाने शिरली,
एकेक मणी टिपत, वळत, परत फिरत
अख्खी बाग साफ केली."
असं म्हणत त्याचं बोट हवेत
डावीकडे गेलं, वर, पुन्हा डावीकडे,
आणि त्याची बस आली.